खोडलेलं ‘डॉ.’

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.
मी बेळगाव तालुक्यातल्या एका गावात राहते आणि शहरातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. वय ४४. नोकरी, दोन मुलं, शेत आणि सासूबाईंचं आजारपण सांभाळत सात वर्षांनी पीएच.डी. पूर्ण केली. विषय होता सीमाभागातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या. पहिल्या ओव्या माझ्या आईकडूनच उतरवून घेतल्या. ती शाळेत गेलेली नाही.
यंदा गावच्या साहित्य संमेलनाची पत्रिका निघाली. त्यात तीन प्राध्यापकांच्या नावाआधी ‘प्रा. डॉ.’ छापलं आहे. त्यातल्या एकाला पदवी माझ्यानंतर दोन वर्षांनी मिळाली. माझं नाव ‘सौ. ...ताई’. मंडळाच्या पोराला विचारलं तर म्हणाला, “काय ओ वैनी, तुमी काय सुया टोचतासा व्हय?” सासूबाई (त्यांना गावात अजून सगळे पाटलीणबाई म्हणतात) म्हणाल्या, “बाईमाणसाला येवढा मोठेपणा बरा न्हवं.” मालक खताचं दुकान चालवतात. ते म्हणाले, “माझ्या नावापुढं काय न्हाई आणि तुझ्या नावापुढं डॉक्टर. लोक मला काय म्हणतील?” मुलगी बेंगळूरला नोकरीला आहे. ती म्हणते, “आई, आमच्या ऑफिसात मोठ्या साहेबांनाही नावानंच हाक मारतात. तू कशाला त्या डॉक्टरच्या मागे लागतेस?”
आता माझाच गोंधळ झालाय. पैसे भरून डॉक्टर झालेलेही आसपास दिसतात. मग या अक्षराला मान तरी का द्यायचा? आणि मी तो मागितला तर माझं चुकतंय का?


प्रिय डॉक्टर,

पत्राच्या शेवटी तुमची सही आहे. सहीआधी तुम्ही ‘डॉ.’ लिहिलंत, मग त्यावर दोन रेघा ओढल्यात आणि शेजारी ‘सौ.’ लिहिलंत. पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा नजर त्या रेघांवर अडली. म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते. तुमचं चुकत नाही. त्या पत्रिकेत तुमच्या नावाआधी ‘डॉ.’ हवं होतं, आणि पुढच्या पत्रिकेत ते येईल असं तुम्ही पाहायला हवं.

मी स्वतः डॉक्टर नाही. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. पदवीच्या मानाची बाजू घेण्यात माझा लाभ काही नाही. पण नावाआधीची दोन अक्षरं माणसाचं काय करतात, हे मला माझ्या अनुभवानं कळलं आहे. तेच आधी सांगते.

माझे यजमान गेले तेव्हा मी एका शाळेत नोकरीला होते. तेरावं झाल्यावर पुन्हा कामावर गेले. सही करायला मस्टर उघडलं, तर माझ्या नावाआधीचं ‘सौ.’ लाल शाईनं खोडून वर ‘श्रीमती’ लिहिलेलं. मी कुणाला सांगितलं नव्हतं, मला कुणी विचारलं नव्हतं. लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नसणार. नोंद बरोबर ठेवायची, एवढाच त्याचा हेतू. त्याच पानावर आमचे एक सर होते. त्यांची पत्नी दोन वर्षांपूर्वी गेली होती. त्यांचं ‘श्री.’ जागच्या जागी होतं. मी पेन हातात धरून तशीच उभी राहिले. इतकी वर्षं या वहीत माझ्या नावाआधी माझं असं काहीच नव्हतं. घरी नवरा जिवंत आहे, एवढीच नोंद रोज माझ्या नावाबरोबर होत होती, हे त्या दिवशी मला समजलं.

बाईच्या नावाआधी आपण जे जे लावतो ते एकदा ओळीनं आठवून पाहा. लग्नाआधी कु., लग्नपत्रिकेत चि. सौ. कां., मग सौ., आणि नवरा गेला की श्रीमती किंवा गं. भा., म्हणजे गंगा भागीरथी. प्रत्येक पायरीवर सांगायचं एकच: नवरा यायचा आहे, आला आहे, की गेला आहे. पुरुषाचं ‘श्री.’ एकदा लागलं की तो जाईपर्यंत हलत नाही.

आपल्या सीमाभागात यात आणखी एक पेच आहे. कानडीत ‘श्रीमती’ म्हणजे सरळ लग्न झालेली बाई. आपल्याकडे सवाष्णीला ‘सौ.’, आणि ‘श्रीमती’ म्हटलं की जुन्या माणसांच्या मनात कपाळ मोकळं असलेली बाई येते. सरकारी कागद कानडीत निघतो, त्यावर सुनेच्या नावाआधी ‘श्रीमती’ असतं, आणि कुणी वाचून दाखवलं की घरातली म्हातारी दचकते, “अगं बाई, माझा ल्योक जित्ता हाय की!” हा प्रसंग मी एकाहून जास्त घरांत पाहिला आहे. एकाच गल्लीत तोच शब्द एका घरात सवाष्ण असतो आणि शेजारच्या घरात विधवा.

हे बदलायची धडपड आपल्या उंबऱ्यापाशीच झाली आहे. सीमेपलीकडे शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. तो ठराव इतर ग्रामपंचायतींनीही आदर्श मानावा असं महाराष्ट्र सरकारनं त्याच महिन्यात परिपत्रक काढून सांगितलं. आणि पुढच्याच वर्षी, एप्रिल २०२३ मध्ये, त्या राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ म्हणावं असा विचार मांडला. त्यावर बायकांनी जोरात आक्षेप घेतला आणि तो योग्यच होता. कुंकू पुसायचं थांबवलं तरी नावाआधी काही ना काही लावून नवरा गेल्याचं सांगायची ओढ सुटत नाही, हे त्यातून दिसलं.

या सगळ्या रांगेत तुमचं ‘डॉ.’ उभं करून पाहा. त्याला लग्न लागत नाही. उद्या काहीही होवो, कुणी लाल शाई घेऊन ते खोडायला येणार नाही. बाईच्या नावाआधी येणाऱ्या अक्षरांत असं अक्षर फार थोड्यांना मिळतं. आणि ते तुम्हीच, तुमच्याच हातानं, दोन रेघा मारून खोडलंत. मला वाईट वाटलं ते त्याचं. मंडळाच्या पोराचं नंतर बघू.

सासूबाईंवर रागावू नका. मानाची किंमत त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे; पन्नास वर्षं त्या पाटलीणबाई आहेत. पण आपल्या भाषेनं काय केलंय पाहा. पदाचं स्त्रीलिंग म्हणजे बहुतेक वेळा त्या पदावरच्या माणसाची बायको. पाटलाची पाटलीण, देसायाची देसाईण, कुलकर्ण्याची कुलकर्णीण, मास्तरांची मास्तरीण. कानडीतही गौडाची गौडती. ‘डॉक्टरीणबाई’ म्हणजे कित्येक वर्षं दवाखान्यातल्या डॉक्टरांची बायकोच असायची. त्यांना एक गोळी ओळखता आली नाही तरी गाव उठून जागा द्यायचं. पाटलीणबाईंनी त्यांचा मान निभावला असेल. बाळंतिणीच्या घरी धान्य पाठवलं असेल, भांडणं मिटवली असतील. मी तो कमी लेखत नाही. पण तो त्यांना अक्षतांबरोबर मिळाला. तुमचा मिळायला सात वर्षं लागली. गावाला बाईला मान द्यायची सवय नाही असं नाही. नवऱ्याच्या हातून आलेला मान कसा द्यायचा ते गावाला येतं. तिनं स्वतः कमावलेला कसा द्यायचा ते अजून शिकायचं आहे.

आणि शिकायला अवघड काय आहे? आपली माणसं मानाच्या बाबतीत हात आखडणारी नाहीत. “कवा आलासा?”, “बसा की”, म्हणजे आपल्या बोलीत आदर थेट क्रियापदात मुरलेला आहे. कानडीत तर वाक्यागणिक ‘री’. खेड्यातल्या कानडी शाळांत पोरं बाईंना ‘अक्कोर’ म्हणतात. थोरली बहीण, आणि तिला आदराचं बहुवचन. माया आणि मान एकाच शब्दात बसवणारं इतकं सुंदर संबोधन मला मराठीत सापडलेलं नाही. आपल्याकडच्या बायका “मी आलो”, “मी जातो” म्हणतात, पुण्याकडच्या पाहुण्यांना ते खटकतं, आपल्याला खटकत नाही. क्रियापदाचं पुरुषी रूप जी भाषा बायकांना इतक्या सहज देते, तिला एकाक्षरी ‘डॉ.’ जड होऊ नये.

आता त्या पोराच्या सुया. ‘डॉक्टर’ हा शब्द लॅटिनमधून आला, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या क्रियापदाचा अर्थ आहे ‘शिकवणं’. युरोपातल्या जुन्या विद्यापीठांत डॉक्टर म्हणजे शिकवण्याचा अधिकार मिळालेला विद्वान. दवाखान्यातल्या माणसाला तो शब्द पुढे चिकटला आणि इतका घट्ट बसला की मूळ मालकच परका वाटू लागला. आपल्याकडचं एमबीबीएस नावाप्रमाणे बॅचलरची पदवी आहे, तिच्यामुळे ‘डॉ.’ लावतात ती रूढी. रूढी चांगली आहे, रात्री-अपरात्री धावून येणाऱ्या माणसाला तो मान मिळालाच पाहिजे. पण ओव्यांवर प्रबंध लिहून मराठी शिकवणारी बाई त्या शब्दाच्या मूळ अर्थाच्या जास्त जवळ आहे.

हे त्या पोराला लॅटिन सांगून पटणार नाही. त्याला एवढंच विचारा, बाबासाहेबांनी कुणाला सुई टोचली होती? १९२३ साली त्यांना लंडनची डी.एस्सी. मिळाली, १९२७ साली कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. मधे १९२५ साली ते आपल्या निपाणीत परिषदेसाठी येऊन गेले. ‘डॉ.’ लावल्याशिवाय त्यांचं नाव कुठल्या फलकावर लिहिलेलं त्या पोरानं पाहिलंय का? ज्या समाजाला अक्षर शिवू दिलं नव्हतं, त्या समाजातला माणूस नावाआधी ‘डॉ.’ लावतो तेव्हा ते केवळ त्याच्या एकट्याचं राहत नाही. बायकांचंही तसंच आहे.

तुम्ही विचारलंत, मान तरी का द्यायचा? याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उत्तर बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं मसुदा केलेल्या संविधानातच आहे. अठरावं कलम सांगतं, की राज्य कुणालाही किताब देणार नाही. अपवाद दोनच, लष्करी आणि विद्येचा. रावबहादूर गेले, रावसाहेब गेले, खानबहादूर गेले. जे मर्जीनं आणि हुजऱ्यांना मिळायचं ते सगळं पुसलं. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं पद्म पुरस्कार चालतील असं म्हटलं, पण ते किताबासारखे नावाआधी किंवा नावानंतर लावायचे नाहीत असंही बजावलं. इतक्या कडक चाळणीतून विद्येचा सन्मान तेवढा राहू दिला, कारण समतेच्या देशातही तो कुणाला टोचू नये. तो वारशानं येत नाही. तुमच्या मुलीला तो तुमच्याकडून मिळणार नाही, तिला तो स्वतःच मिळवावा लागेल.

पैसे भरून मिळणाऱ्या पदव्यांचं दुःख खरं आहे. शाल, नारळ, सोनेरी दोरीचा गोल कागद, आणि दुसऱ्या दिवशी फ्लेक्सवर ‘डॉ.’. पदवी कुणी द्यायची हे १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यात स्पष्ट आहे: विद्यापीठ, किंवा कायद्यानं तसा अधिकार दिलेली संस्था, दुसरं कुणी नाही. बनावट विद्यापीठांची यादीही आयोग काढत असतो. म्हणून कुणाच्या ‘डॉ.’बद्दल शंका आली तर विद्यापीठ कुठलं, विषय काय, हे विचारण्यात अपमान नाही. तुम्हालाही कुणी विचारलं तर आनंदानं सांगा. बेळगावच्या कुंद्याच्या नावावर कुणी साखरेचा गोळा विकतो म्हणून तासन्‌तास दूध आटवणाऱ्याचा कुंदा आपण टाकून देत नाही.

खऱ्या पदव्यांतही सुमार प्रबंध असतात. मी वाचले आहेत, आणि वाचून मन खट्टू झालं आहे. म्हणून माझं मत असं, की पदवीचा मान हा पहिल्या भेटीतला मान असतो. त्यानं खुर्ची मिळावी, पुढचं काम माणसानं करावं. पण ती पहिली खुर्ची पुरुषाला न मागता मिळते आणि बाईला तिच्यासाठी आधी मोठेपणाचा आरोप सोसावा लागतो, दुखणं तिथं आहे.

त्या सात वर्षांबद्दलही बोलते, कारण तुम्ही ती एका वाक्यात उरकलीत. पीएच.डी. म्हणजे काय हे घरातल्यांना कधी सांगितलंत का? अभ्यासक्रमाचे पेपर, मार्गदर्शकाच्या दुरुस्त्या, मग प्रबंध विद्यापीठाबाहेरच्या किमान दोन परीक्षकांकडे, त्यांचे अहवाल, आणि शेवटी सगळ्यांसमोर तोंडी परीक्षा. आयोगाच्या २०१६ आणि २०२२ च्या दोन्ही नियमांत स्त्री संशोधकाला जास्तीत जास्त मुदतीवर आणखी दोन वर्षं आणि बाळंतपण-बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. म्हणजे बाईला हा डोंगर पाठीवर घर घेऊन चढावा लागतो, हे सरकारी नियमांनाही कळलं आहे. घरातल्यांना कळलं नसेल तर तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत, हेही एक कारण असू शकतं. रात्री भाकरी झाल्यावर लिहायला बसायचात, त्यांना दिव्याचं बिल दिसलं असेल, आत काय चाललंय ते दिसलं नसेल.

याच राज्यात, बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, १९३३ साली कमला भागवत नावाची मराठी मुलगी मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन गेली. मुलगी आहे म्हणून संस्थेचे संचालक सी. व्ही. रामन यांनी तिला नाकारलं. ती हटली नाही. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिलं वर्ष रीतसर विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, काम पसंत पडलं तर पुढचं बघू. १९३९ साली तिनं केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. विज्ञानात पीएच.डी. झालेल्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांत तिची गणना होते. तीच पुढे डॉ. कमला सोहोनी. हे नाव लिहिताना ‘डॉ.’ गाळून बघा. त्या अटींचं वर्ष त्याबरोबर गळून पडतं.

मुलीचं म्हणणं मला आवडलं. तिच्या ऑफिसात सगळेच सगळ्यांना नावानं हाक मारतात, आणि तसं सगळीकडे झालं तर मला आनंदच होईल. पण तिला एक विचारा. देवळात सगळेच चपला बाहेर काढून जातात, म्हणून आपणही काढतो आणि त्यात कमीपणा वाटत नाही. पण बाकीचे बूट घालून आत जात असतील आणि तुझ्या आईलाच उंबऱ्यावर चपला काढायला सांगितलं, तर? त्या पत्रिकेत चारही नावं नुसती असती, कुणालाच ‘प्रा.’ नाही, ‘डॉ.’ नाही, ‘सौ.’ नाही, तर मी तुम्हाला म्हटलं असतं, सोडून द्या. तिथं तिघांचे बूट होते.

पुढच्या प्रत्येक प्रसंगाला हाच काटा वापरा: इतरांना काय लावलंय? पुतण्याच्या लग्नपत्रिकेत तुम्ही काकू म्हणून आहात. तिथं नात्याची यादी आहे, कामाची नाही, ‘डॉ.’ नको. पण त्याच पत्रिकेत दिरांच्या नावाआधी ‘इंजि.’ आणि मामांच्या नावाआधी ‘प्रा.’ असेल तर तुमचंही आलं पाहिजे. बसमध्ये, बँकेत, किराणा दुकानात अजिबात आग्रह धरू नका. गल्लीतली बाई “वैनी” म्हणते ते जपून ठेवा. विद्यार्थिनी धीर करून “अक्का” म्हणाली तर ते पदवीहून मोठं आहे असं मी मानते. मात्र विभागाच्या बैठकीत शेजारच्याला “डॉक्टरसाहेब” आणि तुम्हाला “ताई, चहाचं काय झालं?” असं ऐकू आलं तर त्याच क्षणी, हसऱ्या तोंडानं पण स्पष्ट, सांगा, “सर, इथं मीही डॉक्टरच आहे.” चहा शिपाई सांगेल.

मालकांचं बोलणं मात्र मी जपून हाताळेन. त्यांनी “लावू नकोस” असं म्हटलेलं नाही. लोक आपल्याला काय म्हणतील याची भीती त्यांनी तुमच्याजवळ बोलून दाखवली, आणि आपल्याकडचा पुरुष तेवढंही सहसा बोलत नाही. आपल्या समाजानं नवऱ्याच्या मनात ठसवलंय की बायको उंचावली की तो खाली आला. त्यांना विचारा, सीमाभागातल्या खेड्यांत ओव्या गोळा करायला तुम्ही हिंडलात तेव्हा दुकान आणि पोरं कुणी पाहिली? पाहिली असतील तर ते चारचौघांत तोंडभर सांगा. तुमच्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्यांचं नाव असेलच. ते पान त्यांना उघडून दाखवलंत का? आणि हेही सांगा, की त्यांचं ‘श्री.’ कुणी घेतलेलं नाही. पत्रिकेत ‘डॉ.’ तुमच्या नावाला लागेल, त्यांच्या दुकानाच्या पाटीवर त्यांचंच नाव राहील. इतकं करूनही ते घुसमटत असतील तर थोडा वेळ द्या. पण त्या वेळेत ‘डॉ.’ खोडू नका. त्यांना सवय व्हायची तर ते अक्षर डोळ्यांसमोर राहायला हवं.

‘डॉ. सौ.’ असा मधला मार्ग कुणीतरी सुचवेल. मंडळाचे लोक सुचवतीलच, सासूबाईही म्हणतील. माझा सल्ला, नको. पुरुषांच्या नावात ‘डॉ. विवाहित’ असं कुणी छापत नाही. सासूबाईंना अपशकुनाची धास्ती वाटेल. त्यांच्याजवळ बसून सांगा की त्यांच्या मुलाचं आयुष्य छापखान्याच्या अक्षरांवर टांगलेलं नाही, तुमचं कुंकू कपाळावर आहे आणि ते कुणी मागत नाही. त्यांना पटलं नाही तर वाद वाढवू नका. पत्रिका काही त्या छापत नाहीत.

प्रत्यक्षात काय करायचं ते सांगते. या वर्षीच्या पत्रिका वाटून झाल्या, त्यावर आता भांडू नका. पण संमेलनाच्या दिवशी सूत्रसंचालकाच्या हातात आधीच एक चिठ्ठी द्या, त्यावर तुमचं नाव जसं उच्चारायचं तसं, ‘डॉ.’सह, आणि खाली प्रबंधाचा विषय. सूत्रसंचालक बहुधा समोर आलेली चिठ्ठीच वाचतो. पुढच्या वर्षी निमंत्रणाचा फोन आला की होकार देतानाच म्हणा, “नाव छापताना सगळ्यांसारखंच डॉ. लिहा, आणि छापायला देण्याआधी प्रूफ मला मोबाईलवर पाठवा.” मागाहून तक्रार करण्यापेक्षा आधी प्रूफ मागणं सोपं, त्यात कुणाचं तोंड कडू होत नाही. महाविद्यालयात दारावरची पाटी, वेळापत्रक, संकेतस्थळ, तिन्हीकडे नाव बदलून घेण्यासाठी पदवीपत्राची प्रत जोडून प्राचार्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कार्यालयात टिकत नाही. आणि तुमच्या हाताखाली एखादी मुलगी पदवी मिळवेल तेव्हा तिचं नाव पहिल्या दिवशी तुम्ही नीट उच्चारा, तिला मागावं लागू नये.

आता एक प्रश्न मी तुम्हाला विचारते. परीक्षकांनीही तो विचारला नसेल. प्रबंधाच्या शेवटी ओव्या सांगणाऱ्या बायकांची यादी असणार. तिथं त्यांची नावं कशी छापलीत? ‘सौ. अमक्याची पत्नी’, ‘गं. भा. तमकी’, की नुसतं ‘माहितीदार क्रमांक ७’? तुमच्या पत्रावरून तुम्ही मनानं चांगल्या आहात हे दिसतं, पण विद्यापीठाचा नमुना समोर ठेवून आपण सगळेच कधी कधी तसं लिहून जातो. त्या बायकांना पदवी नाही. विद्या मात्र त्यांच्याकडेच होती, आणि तुमचं ‘डॉ.’ त्यांच्या गळ्यातून आलं आहे. प्रबंधाचं पुस्तक करणार असाल, आणि कराच, तर ते पान पुन्हा लिहा. प्रत्येकीचं स्वतःचं नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव, वय, आणि किती ओव्या सांगितल्या ते. नावाआधी सौ. नको, गं. भा. नको, श्रीमतीही नको.

पहिलं नाव तुमच्या आईचं घाला. आणि ते पान छापून आलं की तिच्याकडे जा. तिला वाचता येत नसेल, पण बोट धरून दाखवा, हे तुझं नाव, आणि वर पुठ्ठ्यावर हे माझं.